नव्या ग्रामसेविकेला पत्र : गावची लोकसंख्या किती?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन वाक्यांत संपणारा विषय नाही, म्हणून सवडीने लिहितोय. विकास आराखड्याच्या पहिल्याच रकान्यात तू अडकलीस, हे वाचून खरं तर बरं वाटलं. बहुतेक जण मागच्या वर्षीचा आकडा उतरवतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. तू थांबलीस, कारण 'गावची एकूण लोकसंख्या' या एका ओळीसाठी तुझ्यापुढे चार आकडे आले : जनगणनेचा, मतदार यादीचा, रेशन दुकानाचा आणि आशाताईंच्या सर्वेक्षणाचा. चारांचा एकमेकांशी मेळ नाही. त्यात मतदारांचा आकडा जवळजवळ जनगणनेच्या एकूण आकड्याला भिडलेला. गावात पोरंबाळं नाहीतच की काय, असा तुझा प्रश्न.

रकान्यापुरतं उत्तर सोपं आहे. तिथं २०११ च्या जनगणनेचाच आकडा लिहायचा. निधी त्यावर येतो, सदस्यसंख्या त्यावर ठरते, आरक्षण त्यावर निघतं. त्यात तुला-मला निवड नाही. पण त्या आकड्यावर विसंबून गाव चालवायला जाशील, तर मे महिन्यात पाणी पुरणार नाही आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला कोरम भरणार नाही.

तू घाटावरची. तुमच्याकडे गाव म्हटलं की एका जागी दाटीने बसलेली घरं, पार, चावडी आणि बाहेर शिवार. इथं रत्नागिरी जिल्ह्यात गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्या. एका ग्रामपंचायतीत आठ-दहा वाड्या, मध्ये डोंगराची सोंड, पऱ्या म्हणजे ओढा, कातळ. पावसाळ्यात साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, नसेल तर समोर दिसणाऱ्या वाडीत जायला तासाभराचा वळसा. मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके, त्यात साडेआठशेच्या घरात ग्रामपंचायती, सगळ्या अशाच पसरलेल्या. शंभरातली सुमारे ८४ माणसं ग्रामीण भागात राहतात. नगरपरिषदा चार : रत्नागिरी, चिपळूण, खेड आणि राजापूर. दापोली, गुहागर, मंडणगड, लांजा, देवरुख या नगरपंचायती. मोठं म्हणावं असं शहर जिल्ह्यात नाही, कारण या जिल्ह्याचं शहर मुंबई आहे.

आता आकडे बघ. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी. याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच, ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. राज्यात घट झालेला तिसरा जिल्हा कुठला, माहीत आहे? मुंबई शहर. म्हणजे चाकरमान्याचं गावचं घर ओस पडत होतं, त्याच वेळी परळ-लालबागची खोलीही सुटत होती. माणूस तिथून विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे सरकला. गावातल्या जुन्या कर आकारणी रजिस्टरात हे सगळं उमटलेलं सापडेल तुला. नावापुढे शाईने 'हल्ली मु. परळ', त्यावर काट मारून निळ्या बॉलपेनने 'नालासोपारा पूर्व'. तेवढ्या दोन शब्दांत एका घराच्या दोन पिढ्या आहेत.

गिरण्यांच्या काळात इथल्या घरटी एकाने तरी मुंबई धरलेली असायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पण माणसं परत आली नाहीत, दुसऱ्या कामांत शिरली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं, आता माणूस गावात राहील, मुंबईला कामापुरता जाईल. माझ्या पाहण्यात उलटं झालं. जाणं सोपं झालं म्हणून जाणारे वाढले, आणि येणं सोपं झालं म्हणून ते वर्षातून दोनाऐवजी चार वेळा यायला लागले. यालाच धरून तुला काम करायचंय.

लोकसंख्येचा विषय निघाला की व्यासपीठावर एक आकडा हमखास येतो. २०११ मध्ये जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात सर्वांत जास्त. त्यावर टाळ्या पडतात, 'कोकणात मुलीचा मान आहे' असं कुणीतरी म्हणतं. टाळ्या वाजवण्याआधी ० ते ६ वयोगटातलं प्रमाण बघायचं. तिथं हजार मुलग्यांमागे ९३६ मुली. ११२२ हा आकडा मुली जास्त जन्मल्याचा नव्हे, पुरुष निघून गेल्याचा. गावात मागे राहिली ती सासू, सून, शाळकरी पोरं आणि निवृत्त होऊन परतलेला एखादा म्हातारा. दहावी-बारावी झाली की पोरगंही बापाच्या मागे जातं.

म्हणून माझा पहिला सल्ला : गाव चालवतं कोण आणि कागदावर नाव कुणाचं, हे दोन वेगवेगळे हिशेब मनात ठेव. नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीचं रजिस्टर, उघड. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा मुंबईत, आणि दर वर्षी कौलं परतून घेणारी, विजेचं बिल भरणारी, तुझ्याकडे घरपट्टी आणून देणारी सून. तिचं नाव कुठेच नाही. घराच्या नोंदीला पती-पत्नी दोघांची नावं लावायचा 'घर दोघांचे' हा शासनाचा निर्णय २००३ चा आहे. कागदोपत्री बऱ्याच गावांत तो शंभर टक्के झालेला दाखवतात. तू तुझ्या चार गावांत रजिस्टर उघडून स्वतः बघ. ज्या बाईचं नाव लागलेलं असेल तिला घरकुलाला, बचत गटाच्या कर्जाला, उद्या नवऱ्यामागे दीर-भावजयांशी बोलताना किती फरक पडतो, ते तुला वर्षभरात कळेल.

आता याद्यांकडे येतो, कारण तुझी खरी डोकेदुखी तीच आहे.

जन्म-मृत्यूचं रजिस्टर तुझ्याकडे असतं. कायदा १९६९ चा, नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि नोंद होते ती घटना जिथं घडली तिथं. हा शेवटचा नियम नीट लक्षात घे. तुझ्या वाडीतला म्हातारा आजारपणात मुंबईला मुलाकडे गेला आणि तिथल्या इस्पितळात वारला, तर नोंद मुंबईत. गावात बाराव्याला सगळी भावकी जमते, जेवणावळ उठते, पण तुझ्या रजिस्टरला कळत नाही. तो मतदार यादीत राहतो, रेशनकार्डावर राहतो, सातबारावर तर राहतोच राहतो. कुणी लबाडी केलेली नसते, कागद हलवायला कुणी उरलेलं नसतं एवढंच. शिवाय मुंबईतल्या चाकरमान्याला गावच्या यादीतलं आपलं नाव काढलं गेलं तर गावाशी नातं तुटल्यासारखं वाटतं. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, हे त्याला माहीत असतं. तरी यादीतून नाव कमी करायला सांगितलंस, तर तू त्याला वाळीत टाकते आहेस असं तोंड करील. तुझ्या मतदार यादीचा आकडा फुगतो तो असा. दुरुस्तीचं काम बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्याचं आहे, तुझं नाही. पण बीएलओ म्हणजे बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी ताई. त्यांना तुझ्याकडच्या माहितीची मदत कर आणि राजकारणापासून चार हात लांब राहा. निवडणुकीच्या तोंडावर यादीबद्दल एक शब्दही तोंडातून काढू नकोस.

मृत्यूच्या दाखल्याचं मात्र तू करू शकतेस. बाराव्याला घरी जाऊन कागद मागू नये, तेवढं तारतम्य तुला आहे. वर्षश्राद्धाला किंवा गणपतीला मंडळी येतात, तेव्हा दाखल्याची झेरॉक्स मागून घ्यायची, नमुना ८ मधली वारस नोंद लावून घ्यायची, आणि तलाठ्याकडच्या वारस नोंदीचा अर्ज त्यांना तिथंच भरायला लावायचा. एकदा मुंबईची गाडी सुटली की पुढच्या गणपतीपर्यंत ते काम होत नाही.

सातबारा तुझा विषय नाही, पण त्याच्यावाचून तुझं एकही काम होणार नाही. कोकणात गायरान, सरकारी जागा फार कमी. पाण्याची टाकी, अंगणवाडी, स्मशानशेड, काहीही बांधायचं तर खाजगी मालकाची जागा लागते. आणि एका सातबारावर सामाईक नावं किती असतात, ते तू बघितलंस तर घाबरशील. अर्धी मयत, चार जणी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात, एक बडोद्याला, उरलेले मुंबईच्या उपनगरांत. निधी मंजूर होतो, जागेचं संमतीपत्र मिळत नाही, मार्चअखेर निधी परत जातो. मग वर्तमानपत्रात येतं की ग्रामपंचायत निष्क्रिय आहे. जागा लागणारं कुठलंही काम आराखड्यात घेतलंस की संमतीपत्राचा मसुदा एप्रिलमध्येच तयार ठेव. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सगळे हिस्सेदार गावात असतात. लग्नं, पूजा, आंबे. त्यांना ओटीवर गाठ. सगळ्यात आधी ज्याची नाही म्हणायची ख्याती आहे त्याच्याकडे जा. त्याच्याकडे शेवटी गेलीस तर 'मला विचारलं नाही' म्हणून तो अडून बसेल.

आता पाण्याचं. यावर जरा जास्त लिहितो, कारण लोकसंख्येचा आकडा चुकीचा वाचला की काय होतं, ते इथं उघडं पडतं.

नळपाणी योजनेचं अंदाजपत्रक जनगणनेच्या लोकसंख्येवरून निघतं. जलजीवन या घरोघरी नळाच्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर. त्यावर विहिरीचं खोदकाम, पंपाची ताकद, टाकीचं माप ठरतं. जनगणनेचा आकडा फेब्रुवारीतला, म्हणजे गाव सगळ्यात रिकामं असतानाचा. मे महिन्यात तेच गाव दुप्पट-तिप्पट होतं, आणि नेमकं तेव्हाच विहिरीनं तळ गाठलेला असतो. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख, पण जांभ्यातून पाणी झिरपून समुद्राला जातं, आणि एप्रिलनंतर वरच्या वाड्यांना टँकर लागतो. मुंबईहून आलेला माणूस नळ सोडून गाडी धुतो. वरच्या वाडीतली म्हातारी हंडा घेऊन नळाशी बसते. भांडण तुझ्या दारात येतं.

हे भांडण योजना मोठी करून मिटत नाही. मी अशी योजना पाहिली आहे, मेच्या गर्दीचा हिशेब धरून मोठा पंप बसवलेली. विजेचं बिल वर्षभर भरायचं राहिलेल्या मोजक्या घरांनी. दोन वर्षांत थकबाकी झाली, वीज तोडली गेली आणि गाव पुन्हा विहिरीवर. त्यापेक्षा मे महिन्याचं वेगळं वेळापत्रक कर. कुठल्या वाडीला कधी आणि किती वेळ, हे १ मेच्या ग्रामसभेत ठरवून फलकावर लाव. बंद घरांचा नळ वर्षभर चालू ठेवायचा असेल तर पाणीपट्टी बाराही महिन्यांची, हे ठरावात लिहून घे. लोक कुरकुरतील, पण देतील. गावचं घर चालू आहे याचा पुरावा म्हणून चाकरमानी पाणीपट्टी भरतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि व्हॉल्व्ह फिरवणारा तुझा जो पाणी कर्मचारी आहे ना, त्याच्याशी मैत्री कर. कुठल्या घरात कोण आलंय, कुठलं दार उघडलंय, कुणाची टाकी भरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आशाताईला बाया-पोरं ठाऊक, पोस्टमनला मनीऑर्डरी आणि पेन्शनवाले ठाऊक, पण आज रात्री गावात किती चुली पेटल्या हे पाणीवाल्याला विचार. तुझ्या टेबलावरच्या चार आकड्यांपेक्षा मी त्याचा आकडा धरीन.

त्याला विचारून एक वही ठेव, हा माझा दुसरा सल्ला. साधी दोनशे पानी. वाडीवार घरं लिही आणि जूनमध्ये, गणपतीत, जानेवारीत आणि मेमध्ये प्रत्येक घरापुढे एवढंच नोंद : उघडं की बंद, आत किती जण. कोणत्याही शासन निर्णयात ही वही सापडणार नाही, कुणी तपासायलाही मागणार नाही. पण वर्षाच्या शेवटी तुला गावची लोकसंख्या एका आकड्यात न दिसता त्या चार महिन्यांच्या चार आकड्यांत दिसेल. शाळेचा पट का घसरला, दवाखान्यात कधी जादा औषधं लागतील, गणपतीत कचरा उचलायला किती माणसं हवीत, ट्रान्सफॉर्मर नेमका कधी उडतो, सगळ्याची उत्तरं त्यात असतील. २०२० च्या मे महिन्यात चाकरमानी एकदम परतले आणि शाळांमध्ये विलगीकरण उभारावं लागलं, तेव्हा ज्या गावांत अशी काही ना काही नोंद होती त्यांची त्रेधा कमी उडाली.

याद्यांची दुसरी बाजू तुझ्या मेसेजमध्ये नव्हती, म्हणून मीच काढतो. यादीत आहेत पण गावात नाहीत, त्यांच्याबद्दल एवढं लिहिलं. गावात आहेत पण कुठल्याच यादीत नाहीत, त्यांचं काय? आंब्याच्या बागेत राखणीला आलेले नेपाळी, बायकापोरांसह झापाच्या खोपटात राहणारे. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं. बंदराकडच्या गावात असलीस तर ट्रॉलरवरचे खलाशी, १ ऑगस्टला मासेमारी उघडली की येतात आणि ३१ मेनंतर जातात. उत्तरेकडे मंडणगड, खेड, दापोली, चिपळूणच्या डोंगरउतारावरच्या कातकरी वाड्या, जिथली घरंच्या घरं पावसाळा सरला की कोळसा भट्टीवर निघून जातात. यांतला कुणी ग्रामसभेला येत नाही. 'ही आपली माणसं नव्हेत' असं तुला सरपंचांपासून शिपायापर्यंत सगळे सांगतील.

तुझ्यापुरता नियम स्पष्ट आहे. बाळ तुझ्या हद्दीत जन्मलं, तर नोंद तुझ्याकडे, आईबाप कुठलेही असोत. बागेतल्या खोपटात बाळंत झालेली नेपाळी बाई आली तर 'तुमच्या गावी जाऊन नोंदवा' असं तिला कधी सांगू नकोस. अंगणवाडीतल्या खाऊला आणि लसीला गावचं रेशनकार्ड लागत नाही, हे ताईंना माहीत असतं, तरी वरून कुणी विचारलं तर काय, या भीतीने त्या कचरतात. तू पाठीशी उभी आहेस एवढं त्यांना दिसलं की काम होतं. कातकरी वाडीचं तर सगळं अडतं ते कागदावर. जातीचा दाखला नाही, घराखालची जागा दुसऱ्याच्या नावावर, माणूस सर्वेक्षणाच्या वेळी भट्टीवर. कातकरींसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली, त्यात घरकुलं आहेत. यादी करायला पावसाळ्यात जा, तेव्हा ते घरी असतात. कोरड्या दिवसांत जाऊन 'लाभार्थी आढळून आले नाहीत' असा शेरा मारणं सोपं आहे, आणि तो शेरा पुढची दहा वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसतो.

ग्रामसभेबद्दल तू घाबरून लिहिलं आहेस. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. यादी फुगलेली, गाव रिकामं, मग शंभर डोकी आणायची कुठून? बऱ्याच ठिकाणी सभा तहकूब करून पुढच्या तारखेला उरकतात, तिथं कोरमची अट नसते. कायद्यात बसतं, पण सवय लावून घेऊ नकोस. आदल्या दिवशीची महिलांची सभा मात्र मनापासून घे. कागदावर ती अनेक गावांत होते आणि सह्या दुसऱ्या दिवशी गोळा केल्या जातात. आपल्या जिल्ह्यात मात्र तीच खरी ग्रामसभा, कारण गावात आहेत त्या बायाच. त्यांच्या सवडीची वेळ घे, दुपारी अडीच-तीनची, लावणीच्या दिवसांत मुळीच नाही.

मुंबईच्या मंडळाचा प्रश्न नाजूक आहे. प्रत्येक वाडीचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, शिमगा, शाळेला संगणक, आजारी माणसाला मदत, सगळं ही मंडळं करतात, आणि मनापासून करतात. त्यांना झिडकारू नकोस. पण दादरला रविवारी बसून गावातली कामं ठरवायची त्यांना सवय असते. मला एक गाव आठवतं, जिथं मंडळाने सभामंडप आणि वेशीवर कमान मागितली होती, आणि बायका पऱ्यावरच्या साकवाला कठडा मागत होत्या, पोरं शाळेत त्यावरून जायची म्हणून. मंडळाचा मुद्दाही अगदी खोटा नव्हता, पैसे त्यांचेही होते. गटविकास अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं : वर्गणीतून कमान बांधा, शासनाच्या पैशातून आधी कठडा. दोन्ही झालं. तूही असंच कर. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजेंडा आठ दिवस आधी टाक, सूचना मागव, पण ठराव मांडायचा तो इथं राहणाऱ्या माणसाने.

निधीबद्दल थोडं. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांचा पैसा राज्यांत वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिलं, आणि लोकसंख्या २०११ ची धरली. असल्या मापाने दहा वाड्या, दहा रस्ते, दहा पाणवठे असलेलं पण माणसं कमी असलेलं गाव कायम मागे पडतं. मला हा कोकणावरचा अन्याय वाटतो. पण ते बदलणं तुझ्या हातात नाही, त्यावर चिडून शाई वाया घालवू नकोस. लोकसंख्या घटली की फक्त पैसाच घटतो असंही नाही. २००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्यातले विधानसभेचे मतदारसंघ सातांचे पाच झाले. खेड आणि संगमेश्वर गेले.

म्हणूनच जनगणना आली की गावागावांत एक कुजबुज सुरू होते, आणि ती तुझ्याही कानावर येईल. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च आहे. सरपंच म्हणतील, मॅडम, मुंबईच्या माणसांनाही इथं धरा, आकडा वाढेल, निधी वाढेल. हेतू वाईट नसतो, पण ऐकायचं नाही. तो माणूस विरारला मोजला जाणार आहे. इथंही धरला तर तो दोनदा होईल, आणि तुझ्या पाणी योजनेचं, शाळेच्या पटाचं गणित आणखी बिघडेल. उलट जी माणसं खरोखर इथली आहेत ती सुटू नयेत, याकडे लक्ष दे. थंडीत आजीला मुलगा मुंबईला घेऊन जातो आणि ती शिमग्याला परत येते. मोजणीच्या सगळ्या दिवसांत ती तिकडेच असेल तर ती तिकडे मोजली जाते. मधल्या काळात परतली तर इथं. ज्या घरांत असं होणार आहे ती तुझ्या वहीत असतीलच. प्रगणक बहुधा शाळेतले गुरुजीच असतात, त्यांना वाडीवार घरांची यादी दे आणि बागेतली खोपटी, खाणीवरच्या झोपड्या, भट्टीवर गेलेल्यांची वाडी स्वतः बरोबर जाऊन दाखव. नकाशावर ती नसतात.

महसूल आणि पंचायत या दोन शाखांच्या भांडणात पडू नकोस. कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी ही एक रांग, जिल्हा परिषदेचे सीईओ, बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी आणि तू ही दुसरी. लोकांना त्यातलं काही कळत नाही, त्यांना सगळं 'ऑफिस' असतं. तलाठ्याशी चहापुरते तरी चांगले संबंध ठेव. आता म्हणे तुमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या तरी त्याच्या सहीशिवाय तुझं आणि तुझ्या दाखल्याशिवाय त्याचं अडणारच आहे.

आंतरजिल्हा बदलीचं विचारलंस. अर्ज कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आईवडील तिकडे, तू इकडे, भाषेचा हेल वेगळा, जेवण वेगळं. घाटावरून आलेला माणूस कोकणात टिकत नाही, असं इथले लोक म्हणतात, आणि टिकला की त्यालाच पालखीला पहिला खांदा द्यायला बोलावतात. बदली झाली तर ती वही मात्र पुढच्याच्या हातात देऊन जा, कपाटात ठेवून नको. चार्ज यादीत 'वाडीवार घर नोंदवही, एक' असं लिहून सही घे.

मी मेच्या पहिल्या आठवड्यात गावी आहे. ये.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : घरपट्टीची बिलं गणपतीच्या आधी छापून तयार ठेव. सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला ५ टक्के सूट असते, हे बिलावरच ठळक छापून घे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन वाडीवाडीत आरतीच्या आधी पोच, आरतीनंतर नको, तेव्हा सगळे भजनाला दुसऱ्या घरी गेलेले असतात. क्यूआर कोडचा कागद बरोबर ने, पण सुट्टे पैसेही ठेव. आणि कुणी 'भावाने भरायचं ठरलंय' म्हणाला, तर त्या भावाचा मुंबईचा नंबर तिथल्या तिथं लिहून घे.